अ‍ॅमेझॉन माहितीये, उजनीचं काय?

सेमिस्टर संपत आलं की कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत एक ठरलेला संवाद ऐकू येतो. ‘ईव्हीएसचा प्रोजेक्ट आहे का?’ ‘आहे ना. जलप्रदूषण, वायुप्रदूषण, घनकचरा. कुठला देऊ?’ ‘सगळ्यात छोटा असेल तो द्या.’ मग पहिल्या पानावरचं नाव आणि रोल नंबर बदलतो, स्पायरल बाइंडिंग होतं आणि पर्यावरणाचे मार्क पक्के होतात. यात कुणालाच फारसं वावगं वाटत नाही. मुलांना नाही, दुकानदाराला नाही आणि खरं सांगायचं तर तपासणाऱ्या सरांनाही नाही. जलप्रदूषणावर वीस पानं सबमिट करणाऱ्याने आपल्या गावातल्या नदीकडे एकदाही नीट पाहिलेलं नसतं. वीस पानं कागद तेवढा वाया गेलेला असतो.

हे बघून ‘आजकालच्या पोरांना पर्यावरणाचं काही पडलेलं नाही’ असं ठोकून देणं सोपं आहे. घरातले मोठे देतातही. पण ते खरं नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरे कॉलनीत रातोरात झाडं तोडायला सुरुवात झाली, तेव्हा तिथे धावत गेलेल्यांत कॉलेजची मुलंमुली होती. काहींना अटकही झाली. त्याच वेळी कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राचीच याचिका झाली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या विशेष खंडपीठाने ७ ऑक्टोबरला पुढची तोड थांबवली. तोवर २१४१ झाडं गेली होती, हेही खरं. २०२० मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या, म्हणजे ईआयएच्या नव्या मसुद्यावर देशभरातून लाखो हरकती गेल्या. लॉकडाउनमध्ये घरात बसून ई-मेल पाठवणारे, इन्स्टावर मसुदा सोपा करून सांगणारे कोण होते? बहुतेक आपल्याच वयाचे.

म्हणजे कळकळ आहे. रीलवर हिमनग वितळताना बघून आपण हळहळतो, अ‍ॅमेझॉनच्या आगीची स्टोरी टाकतो, स्टीलची बाटली बाळगतो. गडबड वेगळीच आहे. आपल्याला जगाच्या पर्यावरणाची जाणीव आहे, पण आपण राहतो त्या जागेची माहिती नाही. आणि माझं म्हणणं असं आहे की माहितीशिवायची ही जाणीव फारशी कामाची नाही. कधीकधी तर ती नुकसानच करते.

पाच प्रश्नांची परीक्षा

विश्वास बसत नसेल तर स्वतःचीच एक छोटी परीक्षा घ्या. गुगल न करता.

एक, तुमच्या खोलीतल्या नळाचं पाणी कुठल्या धरणातून येतं? दोन, तुमच्या बाथरूममधून गेलेलं पाणी पुढे कुठे जातं आणि जाण्याआधी ते शुद्ध होतं का? तीन, मेसमध्ये उरलेलं अन्न आणि कॅम्पसवरचा कचरा कुठे नेऊन टाकतात? चार, गुलमोहर आणि नारळ सोडून कॅम्पसवरची पाच झाडं नावानिशी सांगता येतील? पाच, तुमच्या तालुक्यात गेल्या वर्षभरात कुठल्या प्रकल्पाची पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली का?

पाचपैकी तीन आली तरी स्वतःची पाठ थोपटून घ्या. ‘ग्रीनहाउस इफेक्टची व्याख्या लिहा’ हा प्रश्न मात्र सगळ्यांना आला असता. पाचवीपासून तोच तर लिहीत आलोय आपण.

आता यातले पहिले दोन प्रश्न पुण्याला लावून बघू, कारण महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून मुलं इथे शिकायला येतात. पुण्याचं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतून येतं. चारही मिळून साधारण २९ टीएमसी. हे पाणी आपण पितो, आंघोळ करतो, फ्लश करतो. त्यानंतर ते गटारातून जातं आणि त्यातलं बरंचसं पुरेशी प्रक्रिया न होताच मुळा-मुठेत पोचतं. प्रक्रिया केंद्रं कमी पडतात, हे सरकारलाही मान्य आहे. म्हणूनच तर जपानच्या जायका या संस्थेच्या कर्जातून ११ नवी केंद्रं उभारायचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते. पिंपरी-चिंचवडची पवना आधीच मुळेत आलेली असते. आळंदीत जिच्यावर फेस तरंगताना दिसतो ती इंद्रायणीही भीमेलाच मिळते. आणि हे सगळं जाऊन साठतं उजनी धरणात.

उजनी म्हणजे ११७ टीएमसीचं धरण. भिगवणला आपण फ्लेमिंगो बघायला, फोटो काढायला जातो, ते याच पाण्यावर. सोलापूर शहर पितं ते पाणी उजनीचं. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे उजनीच्या खाली वाहणारी हीच भीमा.

म्हणजे कोथरूडच्या होस्टेलमध्ये सकाळी बेसिनचा नळ सोडणारी सोलापूरची मुलगी आणि तिकडे काही दिवसांआड येणाऱ्या पाण्याची वाट बघणारी तिची आई, या दोघी एकाच पाण्याच्या दोन टोकांना आहेत. मुलीला ईव्हीएसमध्ये ए ग्रेड असेल. ‘जलप्रदूषणाची कारणे व उपाय’ तिने मुद्देसूद लिहिले असतील. पण तिच्या बेसिनचा आणि आईच्या हंड्याचा संबंध तिला कुणी सांगितलेला नसतो. तो संबंध पाठ्यपुस्तकात असणार नाही, कारण पाठ्यपुस्तक अख्ख्या देशासाठी लिहिलेलं असतं. तो ज्याच्या-त्याच्या गावातच शोधावा लागतो.

आणि हे फक्त पुण्याचं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे नोंदवले आहेत. त्यातले ५५ महाराष्ट्रात, म्हणजे देशात सर्वाधिक. त्यामुळे आपल्या कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर एखादा पट्टा असण्याची शक्यता चांगलीच आहे. तो कुठला, एवढं तरी आपल्याला माहीत असायला नको?

आठवं युनिट

आता गंमत बघा. हा विषय आपल्या माथी मारला कुणी? एम. सी. मेहता या वकिलांच्या याचिकेवर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजांत सक्तीने शिकवा असं सांगितलं. बारा वर्षं फारसं काही हललं नाही. २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा कान पिळले, तेव्हा यूजीसीने पदवीच्या सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लागू केला. त्यासाठीचं पाठ्यपुस्तक लिहिलं पुण्याच्या डॉ. एरक भरूचा यांनी.

तो मूळ अभ्यासक्रम एकदा काढून वाचा. एकूण ५० तास, आठ युनिटं. पहिली सात वर्गातली. आठव्याचं नाव फील्ड वर्क. त्यात काय लिहिलंय? जवळची नदी, जंगल, माळ किंवा डोंगर बघून त्याची नोंद करा. जवळची एखादी प्रदूषित जागा बघा. आसपासची झाडं, किडे, पक्षी अभ्यासा. तळं किंवा टेकडीचा उतार अशी एखादी साधी परिसंस्था समजून घ्या. यासाठी पाच तास आणि शंभरपैकी २५ मार्क. २०२३ मध्ये नव्या शैक्षणिक धोरणानुसार जो आराखडा आला, त्यातही वर्गाबाहेरच्या कामाला जागा आहेच.

म्हणजे आपल्याला नेमकं काय कमी पडतंय ते अभ्यासक्रम बनवणाऱ्यांना वीस वर्षांपूर्वीच कळलं होतं. ज्या पाच तासांसाठी बाहेर पडायचं होतं, तेच पाच तास आपण झेरॉक्सवाल्याला देऊन टाकले. बाकीचे ४५ तास इमानेइतबारे शिकवले तरी विषय लंगडाच राहणार.

यात एकट्या विद्यार्थ्यांना बोल लावणं बरोबर नाही. अनेक कॉलेजांत हा पेपर कुणी शिकवायचा, तर ज्याचा वर्कलोड कमी भरतोय त्याने. एका वर्गात शंभर-सव्वाशे मुलं. बाहेर न्यायचं तर परवानगी, बस, पालकांची पत्रं, काही झालं तर जबाबदारी. त्यात या मार्कांचा पर्सेंटेजला उपयोग नसेल, तर तिकडे लक्ष देणार कोण? व्यवस्थाच सांगते की पास व्हा आणि मोकळे व्हा. मुलं ऐकतात.

नुसत्या उत्साहाचं काय होतं?

माहितीशिवायची जाणीव नुकसान करते असं वर म्हटलं, ते उगाच नाही. वृक्षारोपणाचंच घ्या. ५ जूनला किंवा पहिल्या पावसात आपण बॅनर घेऊन जातो, खड्डे खणतो, रोपं लावतो, ग्रुप फोटो काढतो. पुढच्या उन्हाळ्यात त्यातली किती जगली हे बघायला कोण जातं? पण तो मुद्दा जुना झाला. त्याहून मोठा मुद्दा असा की झाड कुठे लावू नये, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही.

पुण्याच्या पूर्वेला, सोलापूरकडे, नगरकडे पसरलेले माळ बघून आपल्याला वाटतं की किती उजाड जमीन आहे, इथे झाडं लावली पाहिजेत. सरकारी कागदांतही माळाची गणती बऱ्याचदा पडीक जमिनीत होते. पण माळ ही स्वतःच एक पूर्ण परिसंस्था आहे. लांडगा, चिंकारा, खोकड, माळढोक, तणमोर, चंडोल यांचं ते घर. माळढोकासाठी नान्नजला अभयारण्य केलं, ते झाडी दाट आहे म्हणून नव्हे. मोकळं गवत हेच तिथलं जंगल. तिथे खड्डे खणून दाट झाडं लावली की उघड्या माळावर जगणारे प्राणी-पक्षी हद्दपार होतात. मेंढपाळांची चराई जाते ती वेगळीच. गिरीपुष्पाचंही तसंच. ते भराभर वाढतं म्हणून पुण्याच्या टेकड्यांवर सर्रास लावलं गेलं. टेकडी हिरवी दिसली, पण आता तिथे मूळच्या गवताला आणि झुडपांना जागा मिळत नाही.

हे सगळं करणाऱ्यांचा हेतू वाईट होता का? अजिबात नाही. त्यांना पर्यावरणाची आस्था होती, त्या जागेची ओळख नव्हती.

माहिती असली तर काय करता येतं?

‘ठीक आहे, कळलं पाणी कुठून येतं. पुढे काय? माझ्या एकट्याने काय होणार?’ हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर कायद्यात आहे आणि ते आपल्याला फारसं कुणी सांगत नाही.

महाराष्ट्रातल्या शहरांत झाड तोडायचं तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे नोटीस लावावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. आपण रोज त्या झाडाखाली गाडी लावतो, पण खोडावर चिकटवलेला कागद वाचत नाही. मुदत थोड्या दिवसांची असते. ती संपते आणि मग करवत चालल्यावर आपण स्टोरी टाकतो.

मोठ्या खाणी, कारखाने, औष्णिक वीज प्रकल्प यांपैकी बऱ्याच प्रकल्पांना २००६ च्या ईआयए अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते. ती राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. तीस दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस येते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. लोक जे बोलतील ते नोंदवावं लागतं आणि कंपनीला त्याचं उत्तर द्यावं लागतं. आता एक बारकावा बघा. या अहवालासाठी हवा, पाणी, झाडं, प्राणी यांची जी माहिती गोळा करतात, ती साधारणपणे पावसाळा वगळून एका हंगामाची असते. कोकणातले आणि सह्याद्रीतले सडे मात्र जिवंत होतात ते पावसाळ्यातच. चार महिने फुलणारी रोपं, बेडूक, खेकडे, त्या काळात दिसणारे किडे अशा अहवालात येणार कसे? उन्हाळ्यात जाऊन बघणाऱ्याला तिथे नुसता काळा कातळ दिसतो.

समजा त्याच तालुक्यातल्या कॉलेजने आपलं आठवं युनिट खरोखर केलं असतं. दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी जुलै-ऑगस्टमध्ये त्या सड्यावर जाऊन फोटोसकट, तारखेसकट नोंदी ठेवल्या असत्या. तर पाच वर्षांनी जनसुनावणीत उभं राहणाऱ्या माणसाच्या हातात ‘आमचा विरोध आहे’ याच्या पुढे ठेवायला काहीतरी असतं. ‘तुमच्या यादीत ही रोपं नाहीत, आमच्याकडे पाच पावसाळ्यांची नोंद आहे’, हे वाक्य घोषणेपेक्षा भारी पडतं. गावात शेकडो पानांचा इंग्रजी अहवाल वाचू शकणारं माणूस बहुतेक वेळा कॉलेजात शिकलेलं पोरगंच असतं. ते गावाच्या कामी येणार की नाही, हे त्याच्या ईव्हीएसवर ठरतं, असं म्हटलं तर फार होणार नाही.

अशा नोंदींसाठी हक्काची जागाही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिकेत जैवविविधता समिती आणि लोकांनी मिळून करायची जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. या कल्पनेमागे माधव गाडगीळ यांचं मोठं काम आहे. गावाला काय माहीत आहे ते गावाने स्वतः लिहून ठेवावं, हा त्यामागचा विचार. आपल्या पंचायतीची नोंदवही कधी पाहिलीत? ती खरंच लोकांना विचारून भरली आहे का? हे तपासणं हाच एक फक्कड प्रोजेक्ट होईल. आजीला सोबत घेतलंत तर निम्मं काम तीच करेल. रानभाज्यांची नावं तिला जेवढी माहीत असतात, तेवढी गुगललाही नसतात.

‘आमचा तर बी.कॉम.चा कोर्स’

सायन्सवाल्यांचं ठीक आहे, आम्हाला काय करायचंय, असं बाकीच्यांना वाटू शकतं. तर, शेअर बाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना पाणी, वीज, कचरा यांचा हिशेब सेबीला २०२२-२३ पासून सक्तीने द्यावा लागतो. तो हिशेब तपासायला कॉमर्सचेच लोक लागणार. राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे, लॉची मुलं तिथे जाऊन कामकाज समजून घेऊ शकतात. सांडपाणी प्रक्रिया केंद्र का बंद पडलंय हे इंजिनीअरिंगच्या मुलांना कळायला हवं. जर्नालिझमवाल्यांना तर बातम्याच बातम्या आहेत.

आणि सुरुवात करायला बस लागत नाही की सह्याद्रीही लागत नाही. स्वतःच्या कॅम्पसपासून करा. २०१६ च्या घनकचरा नियमांत दिवसाला सरासरी शंभर किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संस्थांवर, कॉलेजं आणि होस्टेलंही त्यात आली, वेगळी जबाबदारी टाकली होती. ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा. तुमच्या मेसचा कचरा किती होतो? सहा जणांचा एक गट, एक वजनकाटा, एक आठवडा. दुसऱ्या गटाने कॉलेजची वर्षभराची वीजबिलं मागावीत. तिसऱ्याने झाडं मोजावीत. चौथ्याने कॉलेजमागच्या नाल्याचा रंग, वास आणि त्यात कुठून काय येतं ते महिन्यातून एकदा लिहावं. पाच तासांत आरामात बसतं हे.

विद्यापीठांकडे मागणं एवढंच. या २५ मार्कांसाठी प्रोजेक्ट कॉलेजच्या दहा किलोमीटरच्या आतलाच हवा, त्यात मुलांनी स्वतः घेतलेली किमान एक नोंद हवी, आणि तो रद्दीत न जाता लायब्ररीत राहायला हवा. म्हणजे पुढच्या बॅचला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. दहा वर्षं असं झालं, तर त्या परिसराची इतकी माहिती कॉलेजकडे जमेल की महापालिकेचे आणि कंपन्यांचे लोक ती मागायला येतील.

विद्यापीठ हे करेपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. या सेमिस्टरला विषय निवडायची वेळ आली की वर्गातल्या सोलापूरच्या, सांगलीच्या, चंद्रपूरच्या दोस्ताला विचारा, ‘तुमच्याकडे पाणी कुठून येतं रे?’ आणि पेनाने लिहून घ्या.